न वाचलेली स्क्रिप्ट : सॉफ्टवेअर बांधणीच्या साठ वर्षांचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा मोठ्या गोष्टींचा इतिहास बघतो. ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रामिंगच्या भाषा, इंटरनेट वगैरे. आज जरा खालच्या पायरीवर बसून बोलू. लिनक्सवर तुम्ही कधी एखादं सॉफ्टवेअर सोर्सवरून बसवलं असेल, तर तीन ओळी बोटांत बसलेल्या असतात. डॉट-स्लॅश-कॉन्फिगर, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. पहिली ओळ दिली की पडद्यावर मजकूर धावायला लागतो. 'चेकिंग फॉर' अमुक, येस. 'चेकिंग फॉर' तमुक, नो. आपण चहा आणायला उठतो आणि परत येतो तोवर काम झालेलं असतं.

त्या वेळात नेमकं काय चाललं होतं? ती कॉन्फिगर नावाची फाइल आपण कधी उघडून वाचली आहे का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असं येईल, आणि आमचंही बरीच वर्षं तेच होतं. या न वाचण्याच्या सवयीची किंमत केवढी होऊ शकते, हे २०२४ च्या मार्चमध्ये जगाला कळलं. आज आपल्याला तिथपर्यंत पोचायचंय, पण सुरुवात साठ वर्षं मागून करावी लागेल.

कमांडच्या विटा

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वाटून वापरायचा, अशी ती सोय. तिथे लुई पूझँ नावाचे फ्रेंच अभियंते काम करत होते. त्यांनी सीटीएसएससाठी डझनावारी कमांड लिहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की या कमांड म्हणजे विटा आहेत. त्या एकावर एक रचून नवी कमांड का करता येऊ नये? म्हणून त्यांनी रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला. एका फाइलमध्ये ओळीनं कमांड लिहून ठेवायच्या आणि रनकॉमनं त्या एकामागून एक चालवायच्या. आज आपल्या बॅशआरसी या फाइलच्या नावात शेवटी जे 'आरसी' दिसतं, ते या रनकॉमचंच उरलेलं शेपूट.

'शेल' हे नावही पूझँ यांचंच. पुढे ते फ्रान्सला परतले आणि १९६५ मध्ये मल्टिक्स या पुढच्या यंत्रणेसाठी पहिला शेल ग्लेंडा श्रोडर यांनी लिहिला. मुद्दा लक्षात ठेवा. शेल हा नुसता कमांड टाइप करायचा पडदा कधीच नव्हता. माणूस जे रोज हातानं करतो ते एकदा लिहून ठेवावं आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावं, हा विचार त्यात पहिल्या दिवसापासून होता.

मग न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स आलं. केन थॉम्पसन यांचा तिथला पहिला शेल १९७१ चा आणि फारच साधा. गंमत बघा, त्यात 'इफ' आणि 'गोटू' या शेलच्या आतल्या गोष्टीच नव्हत्या, ते बाहेरचे स्वतंत्र प्रोग्राम होते. 'गोटू' काय करायचा, तर शेल जी फाइल वाचतोय त्याच फाइलमधली वाचायची जागा पुढेमागे सरकवायचा. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातल्या पोथीचं पान दुसऱ्याच कुणीतरी उलटायचं! छोट्या कामाला ते चालून जायचं.

मोठी कामं आली प्रोग्रामर्स वर्कबेंच या गटात. हा बेल लॅब्जमधलाच उपक्रम, १९७३ च्या सुमारास सुरू झालेला. टेलिफोन कंपनीसाठी मोठाली सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टोळ्यांना युनिक्स हे हत्यारांचं टेबल म्हणून द्यायचं, ही कल्पना. एखाददुसरा संशोधक स्वतःपुरतं लिहितो तेव्हा आवृत्ती, बांधणी, वितरण हे शब्द लागत नाहीत. पन्नास माणसं एकाच गोष्टीवर काम करू लागली की लागतात. या मंडळींनी शेलमध्ये लांबलचक स्क्रिप्ट लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी जॉन मॅशी यांनी शेलमध्ये व्हेरिएबल आणि धड चालणारे इफ-एल्स आणले. व्हेरिएबलची नावं मात्र एकेका अक्षराची.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. आज आपण जे लिहितो ते मूळ तिथलं. बोर्न हे केंब्रिजमध्ये आल्गॉल ६८ या भाषेच्या कंपायलरवर काम करून आलेले, म्हणून 'इफ' उलटा करून 'एफआय', 'केस' उलटा करून 'इसॅक'. मग 'डू' उलटा करून 'ओडी' का नाही? कारण ओडी नावाचा प्रोग्राम युनिक्समध्ये आधीच होता, म्हणून 'डन' आलं. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रामिंगवरचं पुस्तक हातात धरून ज्यांनी परीक्षा दिल्या, त्यांना 'इसॅक' हा शब्द बघून पडलेला प्रश्न आठवत असेल. उत्तर हे असं आहे.

एक फुकट गेलेली सकाळ

आता बांधणीकडे येऊ. सी भाषेतला प्रोग्राम दहा-वीस फाइलींत पसरलेला असतो. प्रत्येक फाइल आधी वेगवेगळी कंपाइल करायची, मग सगळ्या जोडून एक प्रोग्राम करायचा. यासाठी लोक स्वतःच्या शेल स्क्रिप्ट ठेवायचे. एक बांधायची, एक बसवायची. पण स्क्रिप्टला कोणती फाइल बदलली ते कळत नाही. सगळं पुन्हा कंपाइल करावं तर त्या काळच्या यंत्रावर वेळ फार जायचा. मग माणूस लक्षात ठेवायचा, की मी ही फाइल बदलली, तेवढी पुन्हा करू. आणि माणूस म्हटलं की विसरणं आलंच.

एके दिवशी स्टीव्ह जॉन्सन, ज्यांनी याक लिहिलं तेच, सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत चिडून शिरले. त्यांची सगळी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन यांचीही आदली संध्याकाळ अशाच घोळात गेलेली. त्या शनिवार-रविवारी त्यांनी मेक लिहिलं. वर्ष १९७६.

मेकचा विचार किती साधा आहे बघा. कोणती वस्तू कोणत्या वस्तूंपासून बनते ते लिहा आणि ती बनवायची शेल कमांड खाली लिहा. मेक दोन्हींच्या तारखा-वेळा बघतं. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा असेल तरच कमांड चालवतं. जे माणसाच्या डोक्यात होतं ते फाइलमध्ये आलं. आम्हाला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचं सूत्र हेच आहे. आठवणीतली गोष्ट फाइलमध्ये उतरते. त्यानं विसरणं थांबतं. पण फाइलमध्ये उतरलेली गोष्ट माणूस हळूहळू बघेनासाही होतो. ही दुसरी बाजू पुढे येईल.

मेकमधल्या टॅबची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो, आठ स्पेस दिल्या तर चालत नाही. या एका गोष्टीनं किती जणांचे किती तास खाल्ले असतील, याचा हिशोब नाही. फेल्डमन यांनी नंतर सांगितलंय, की टॅब ही त्यांनी घाईत निवडलेली सोय होती. काही आठवड्यांतच बदलावंसं वाटलं, पण तोपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची गैरसोय नको म्हणून तसंच राहू दिलं. त्या डझनभरांसाठी राखलेली चूक आपण अजून सांभाळतो आहोत. २००३ मध्ये मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, टॅबसकट.

दहा गावांच्या दहा बोली

१९८० च्या दशकात युनिक्स एक राहिलं नाही. बर्कलीचं वेगळं, एटी अँड टीचं वेगळं, सन, एचपी, आयबीएम, डेक, प्रत्येकाचं वेगळं. एखादं फंक्शन इथे आहे, तिथे नाही, तिसरीकडे आहे पण नाव वेगळं. मग सोर्स पाठवणारा मेकफाइलमध्ये लिहायचा, की अमुक यंत्रावर असाल तर ही ओळ उघडा, तमुकवर असाल तर ती बंद करा. घेणाऱ्यानं ते वाचून हातानं ठरवायचं.

यावर पहिला गाजलेला उपाय लॅरी वॉल यांचा. पर्लचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी आरएन हा बातम्या वाचायचा प्रोग्राम काढला आणि त्याबरोबर कॉन्फिगर नावाची शेल स्क्रिप्ट दिली. ती तुमच्या यंत्रावर फिरून काय आहे, काय नाही ते बघायची, मधूनच तुम्हाला प्रश्न विचारायची, आणि युनिस नावाची कुप्रसिद्ध यंत्रणा तुमच्याकडे नसेल तर तुमचं अभिनंदनही करायची.

दुसरा आणि टिकलेला उपाय ग्नू प्रकल्पातून आला. डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नूच्या अनेक छोट्या प्रोग्रामची देखभाल करत होते. १९९१ च्या जूनपर्यंत वापरणाऱ्यानं मेकफाइलमध्ये निवडायचे पर्याय वीसच्या घरात गेले होते. त्यांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी यातले काही पर्याय स्वतःच ओळखायची. ती चालली. मग तीच हातानं बदलून दुसऱ्या प्रोग्रामला, मग तिसऱ्याला. हातानं बदलायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी स्क्रिप्ट लिहिणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ऑटोकॉन्फ. पुढे त्याच्या जोडीला मेकफाइल लिहिणारं ऑटोमेक आलं आणि १९९६ मध्ये शेअर्ड लायब्ररींचा गोंधळ सांभाळणारं लिबटूल.

इथे जरा थांबू. ऑटोकॉन्फ एम-फोर या भाषेत लिहिलेल्या मॅक्रोंमधून कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करतं. ती कोणत्याही युनिक्सवर चालली पाहिजे, अगदी जुन्यातल्या जुन्या बोर्न शेलवरही. म्हणून शेलमधल्या सोयी टाळायच्या. बराच काळ तर शेल फंक्शनसुद्धा टाळली, कारण काही जुन्या शेलना ती येत नव्हती. परिणाम काय, तर हजारो ओळींची, पुन्हा पुन्हा तेच सांगणारी, अवतरणचिन्हांनी भरलेली फाइल. ती माणसानं वाचायची अशी अपेक्षाच नव्हती. यंत्रानं लिहायची आणि यंत्रानं वाचायची.

यात कुणाचा आळस नव्हता. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसलं तरी चाललं पाहिजे, फक्त शेल आणि सी कंपायलर असला की पुरे, हा उदार विचार त्यामागे होता. म्हणून 'मेक डिस्ट' ही कमांड दिली की एक गठ्ठा, म्हणजे टारबॉल तयार होतो, आणि त्यात मूळ सोर्सबरोबर ही यंत्रानं लिहिलेली कॉन्फिगर फाइलही घातलेली असते. 'मेक डिस्टचेक' तर तो गठ्ठा वेगळ्या जागी उघडून, बांधून, चाचण्या चालवून बघतं आणि मगच ठीक म्हणतं. आवृत्ती बाहेर काढणं हे एका माणसाला एका कमांडमध्ये जमू लागलं. फुकटात, रात्री जागून काम करणाऱ्या कितीतरी जणांना हा केवढा आधार होता!

पण यातून एक फट राहिली. गठ्ठ्यात अशा फाइली असतात ज्या मूळ भांडारात नसतात. भांडारातला प्रत्येक बदल दहा जण बघू शकतात. गठ्ठ्यात शेवटच्या क्षणी काय घातलं, ते फक्त गठ्ठा बांधणाऱ्याला माहीत.

हात आणि यंत्र

कुणी म्हणेल, मग हे सगळं सोडून हातानंच केलेलं बरं. तसंही नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत काय झालं ते बघा. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर टाकायचा होता. काम हातानं चाललं होतं. सातांवर टाकला, आठव्यावर राहिला आणि ते दुसऱ्या कुणी तपासलं नाही. बाजार उघडल्यावर आठव्या सर्व्हरवरचा वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. जॉन्सन यांची सकाळ आणि ही सकाळ, दोन्हींतली चूक एकच. एक तुकडा जुना राहिला.

आणि स्क्रिप्टही काही निर्मळ नसते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलनं आयट्यून्स २ चा इन्स्टॉलर काढला. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एका व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं राहून गेली. डिस्कच्या नावात स्पेस असेल तर ते नाव तुटायचं आणि जुनी आवृत्ती पुसण्याऐवजी काही लोकांच्या डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला गेला. शेल हा फार आज्ञाधारक नोकर आहे. मालकाला काय म्हणायचं होतं हे तो विचारत नाही. एखादी कमांड फसली तरी, थांब म्हणून सांगितलं नसेल, तर बिनदिक्कत पुढच्या ओळीवर जातो.

अर्धा सेकंद

आता २०२४. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करायचं एक छोटं साधन. त्याची लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. लासे कोलिन नावाचे फिनलंडचे गृहस्थ वर्षानुवर्षं ते जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते, बिनपगारी, हौसेनं. तसं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर लिहिलंही होतं. त्यांच्यावर दबाव येत होता, की कामाला वेग नाही, दुसऱ्या कुणाला जोडीला घ्या. 'जिया तान' या नावानं २०२१ पासून कुणीतरी मदत करू लागलं. चांगले बदल पाठवले, विश्वास मिळवला, पुढे आवृत्त्या काढायचा अधिकारही मिळवला. हे नाव कुणाचं, एका माणसाचं की गटाचं, हे आजवर उघड झालेलं नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या टारबॉलमध्ये बिल्ड-टू-होस्ट नावाची एक एम-फोर फाइल होती. या नावाची निरुपद्रवी फाइल ग्नूच्या संग्रहात खरोखर आहे, पण इथली प्रत बदललेली होती, आणि ती एक्सझेडच्या भांडारात नव्हती, फक्त गठ्ठ्यात होती. कॉन्फिगर चाललं की ती चाचण्यांसाठी ठेवलेली एक 'खराब' फाइल उचलायची. टीआर या साध्या कमांडनं तिच्यातली अक्षरं अदलाबदल केली की ती खराब राहायची नाही. तिच्यातून निघायची एक शेल स्क्रिप्ट. ती बघायची, की हे ६४ बिटांचं इंटेल जातीचं लिनक्स आहे ना, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जातंय ना. असेल तर दुसऱ्या चाचणी-फाइलमधून हेड, ऑक आणि खुद्द एक्सझेड वापरून तयार यंत्र-कोड काढायची आणि लायब्ररीत जोडून द्यायची. काही लिनक्सवर ही लायब्ररी एसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचते. म्हणजे घराच्या पुढच्या दाराची एक किल्ली परक्याच्या हातात.

पूझँ यांच्या विटा, बोर्न यांचा शेल, मॅकेन्झी यांचं कॉन्फिगर, सगळी तीच हत्यारं. कॉन्फिगरमध्ये विचित्र अवतरणचिन्हं आणि न कळणाऱ्या ओळी असतातच, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलेलं होतं, की आणखी चार विचित्र ओळी कुणाच्या डोळ्यांत भरल्या नाहीत.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. ते वेगाच्या चाचण्या घेत होते आणि त्यासाठी यंत्र शांत असायला हवं होतं. त्यांना दिसलं, की एसएसएच विनाकारण प्रोसेसर खातंय आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी म्हणालं असतं, 'असेल काहीतरी'. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर या आवृत्त्या डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणी शाखांत पोचल्या होत्या, बहुतेक स्थिर शाखांत नव्हत्या. थोडक्यात निभावलं.

याची सूचना चाळीस वर्षं आधी मिळालेली होती. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापून आलं, दाखवलं होतं, की सोर्स स्वच्छ असला तरी तो बांधणारं साधन बिघडलेलं असेल तर निघणारा प्रोग्राम बिघडलेलाच असणार. व्याख्यान गाजलं. आपण सगळ्यांनी मान डोलावली आणि मग डॉट-स्लॅश-कॉन्फिगर म्हणून चहाला गेलो.

मग काय करायचं?

उपाय चालू आहेत. डेबियनमध्ये २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम बांधणीचं काम सुरू आहे. एकाच सोर्सवरून दोन वेगळ्या ठिकाणी बांधलं तर निकाल शेवटच्या बिटापर्यंत सारखा आला पाहिजे, ही त्यामागची अट. पण नुसतं त्यानं एक्सझेडचा घात पकडला नसता, कारण तिथे सोर्सचा गठ्ठाच बाटलेला होता. दोन्ही ठिकाणी सारखाच बिघडलेला निकाल आला असता. त्यासाठी गठ्ठा आणि भांडार ताडून बघायला हवं, किंवा थेट भांडारातूनच बांधायला हवं. लासे कोलिन यांनी सगळं तपासून मे २०२४ मध्ये ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली, तीही हौसेनंच.

आणि हे तंत्राबाहेरचं. जगातल्या बँका, रुग्णालयं, रेल्वे ज्याच्यावर चालतात त्यातला एखादा तुकडा एक थकलेला माणूस रात्री सांभाळत असतो. त्याला आपण 'लवकर कर' म्हणून पत्र लिहितो, 'मी काय करू' असं विचारत नाही. स्क्रिप्ट न वाचणं ही एक चूक, आणि स्क्रिप्टमागचा माणूस न बघणं ही दुसरी, तितकीच मोठी.

इथे बसलेल्यांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत बिल्ड आणि रिलीजच्या स्क्रिप्ट सांभाळत असतील. त्यातल्या काही तुमच्याआधी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेल्या असतील आणि त्यांना हात लावायचा नाही असा अलिखित नियम असेल. आमची एवढीच विनंती, की उद्या कामावर गेल्यावर त्यातली एक उघडा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जी ओळ कळत नाही तिच्यासमोर खूण करा आणि शेजारच्याला विचारा. त्यालाही कळली नाही, तर तुमचं पुढचं काम कोणतं ते ठरलं.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.